जप्तीत न धरलेलं

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री लिहायला घेतली आणि १३ तारखेच्या सकाळी हातावेगळी केली. पुस्तक बाहेर आलं १९३५ साली. गुरुजी ११ जून १९५० ला गेले. आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा, म्हणजे जिची गोष्ट होती ती तर नव्हतीच, पण ज्यानं सांगितली त्यालाही तो पाहायला मिळाला नाही. पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक पहिल्यांदाच दिलं गेलं, ते या चित्रपटाला. मग सत्तर वर्षांनी, २०२३ मध्ये, सुजय डहाके यांनी तीच गोष्ट पुन्हा पडद्यावर आणली.

पुस्तक सरस की चित्रपट, या वादात मला रस नाही. तो वाद घरोघर होतो आणि ज्यानं जे आधी पाहिलं असेल ते जिंकतं. मला यादी करायची आहे. गुरुजींच्या बालपणीच्या, कोकणातल्या पालगडच्या त्या घरात होत्या आणि आता कुणाच्याच घरात नाहीत अशा वस्तूंची, पुस्तकात आहेत पण पडद्यावर पोचताना झिजल्या अशा गोष्टींची, आणि एकदोन अशाही, ज्या पुस्तकात नव्हत्याच आणि तरी उरल्या. क्रम लावलेला नाही. त्या घरावर पुढे जप्ती आली. जप्तीची यादी करणाऱ्या कारकुनानं यातलं काहीच लिहून घेतलं नसतं.

जातं. पहाटे अंधारात सुरू होणारी घरघर. बेचाळीस रात्रींत सांगितलेल्या या पुस्तकात ‘अर्धनारी नटेश्वर’ नावाची एक रात्र आहे. बायकांची म्हणून ठरून गेलेली कामं श्याम आईच्या बरोबरीनं करतो, आणि पुरुषात थोडी बाई असावी असा विचार तिथं अगदी सहज येतो. तेहतीस वर्षांच्या एका अविवाहित मास्तरानं हे १९३३ साली तुरुंगात बसून लिहिलं. याची दखल आपण फारशी घेतली नाही, कारण या पुस्तकाला ‘आईचं प्रेम’ अशी चिठ्ठी एकदा चिकटली ती चिकटलीच. पडद्यावर जातं फिरलं की पहाट झाली एवढं कळतं. त्याला काही सेकंद पुरतात. खरं दळण तासभर चालायचं, हात भरून यायचे, ओवीला ओवी जोडली जायची, कारण पायलीतलं धान्य संपत नसायचं. आता जाती हॉटेलांच्या दारात कुंडीशेजारी मांडलेली दिसतात. वरच्या तळीचा खुंटा हमखास गायब असतो. तो नसला तरी कुणाचं अडत नाही.

मथुरी. भात कांडायला येणारी बाई. ती आजारी पडते, तेव्हा आई श्यामच्या हाती तिच्यासाठी घरातलं काहीबाही धाडते. एवढीच ती रात्र. मुसळ गेलं, कांडप गेलं, गिरणीतून पांढराशुभ्र तांदूळ यायला लागला. कांडपाला येणाऱ्या बाईच्या झोपडीचा रस्ता घरातल्या मुलाला पाठ असणं, हेही त्याबरोबर गेलं.

धोंड. आंघोळीचा दगड. ‘थोर अश्रू’मध्ये लहानगा श्याम आंघोळ करून त्यावर उभा राहतो आणि हट्ट धरून बसतो. ओले पाय खाली ठेवले तर माती लागेल, म्हणून आईनं आपलं लुगडं धोंडीवर पसरावं. ती पसरते. तो त्यावर पाय टिपतो. मग ती म्हणते की पायांना जसा जपतोस तसा मनालाही घाण लागू देऊ नकोस. हा प्रसंग अत्र्यांच्या चित्रपटात आहे आणि आज अख्ख्या चित्रपटातून तोच तेवढा सुटा होऊन फिरतो. मातृदिनाला सकाळी सातच्या आत दोनतीन गटांवर येतो, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. बेचाळीस रात्रींचे आधी अडीच तास झाले, आता दोन मिनिटं.

त्या दोन मिनिटांत वाक्य ऐकू येतं, पण त्यातली लबाडी कळत नाही. पुस्तकातला श्याम तिथं लाडावलेला आहे, आईला राबवून घेतो आहे, आणि हे मोठेपणी त्याला ठाऊक आहे. नेसत्या लुगड्याचा ओचा ओल्या पोरासाठी पसरणं म्हणजे त्यानंतर दिवसभर तेच ओलं लुगडं नेसून स्वयंपाकाला लागणं. गरिबाच्या घरी दांडीवर दुसरं कोरडं लुगडं असेलच असं नव्हतं. आता न्हाणीघर घराच्या आत आहे, खाली फरशी आहे, आणि पायपुसणं बाजारात मिळतं. मुलाला असा हट्ट धरायला जागाच उरलेली नाही. उपदेश तेवढा फिरत राहतो.

चोया. पत्रावळ टाचायच्या बांबूच्या बारीक काड्या. श्यामला पत्रावळ लावता येत नाही आणि त्यावरून त्याला बोलणी खावी लागतात. तो शिकतो, त्याची पत्रावळ जमते. आता पत्रावळी यंत्रावर दाबून निघतात. त्यांना चोय लागत नाही, आणि त्या लावता न येण्याची लाजही कुणाला वाटत नाही.

मोरी गाय. आईशिवाय कुणाला पान्हा सोडत नसे. पडद्यावरची गाय भाड्यानं आणलेली असते. ती कुणालाही दूध देते.

दूर्वांची आजी. नात्यातली, पण नेमकी कोण हे पटकन सांगता येत नाही अशी म्हातारी. प्रत्येक मोठ्या घरात अशी एक असे. तिचं कुणावर ओझं नसे आणि तिच्यावाचून कुणाचं अडतही नसे. ती दूर्वा आणी. कादंबरीला अशी माणसं सोसतात, किंबहुना तीच कादंबरीला ऊब देतात. पटकथा लिहायला बसलेला माणूस मात्र पहिला हात अशाच म्हातारीला लावतो, कारण तिच्यानं कथा पुढे सरकत नाही. घरांनीही पुढे तेच केलं. दोन खोल्यांच्या घरात जागा कुणाला, हे ठरवताना नातं सांगता येणं आवश्यक झालं.

शिंपटी आणि छडी. एक पुस्तकातली, एक चित्रपटातली. श्याम पोहायला जायला घाबरतो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीनं फोडते आणि विहिरीवर धाडते. मग त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिलाच भरून येतं. पोराला भित्रा म्हणून कुणी हसलेलं तिला सोसत नाही. या मारात गाणं नाही.

छडीचं गाणं अत्र्यांचं. ते पुस्तकात शोधू नका. इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, की हे दोघेही हाडाचे मास्तर. गुरुजी १९२४ पासून सहा वर्षं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, वसतिगृह सांभाळत होते, मुलांसाठी हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत होते. अत्रे पुण्यात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि ‘नवयुग वाचनमाला’ त्यांचीच. मुलं शाळेत कशाकशाला हसतात हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं, पण गुरुजींनी रडण्याचा रस्ता धरला आणि अत्र्यांनी, एवढ्या रडव्या गोष्टीच्या मधोमध, पोरांना मास्तरांच्या टवाळीचं गाणं म्हणायला लावलं. मला तो अत्र्यांचा शहाणपणा वाटतो. संबंध थिएटर हुंदके देत असताना माणसाला श्वास घ्यायला एक खिडकी लागते. पुस्तकात ती खिडकी नाही. तिथं रात्र संपते, दिवा जातो आणि श्रोते घरी निघतात, हीच काय ती उसंत.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शाळेतली शारीरिक शिक्षा बंद केली. छडी गेली, आणि गाणं अजून स्नेहसंमेलनात होतं. नाचणाऱ्या मुलांच्या हातात पुठ्ठ्याच्या छड्या असतात, वर चमकीचा कागद.

धोतर आणि पीतांबर. पुन्हा एक पुस्तकातलं, एक चित्रपटातलं. ‘आनंदाची दिवाळी’ ही त्या बेचाळीस रात्रींतली मला सर्वांत आवडणारी. वडिलांचं धोतर फाटलेलं. मामाकडून आईला भाऊबीज आलेली. ती स्वतःसाठी काही घेत नाही, श्यामकडून गुपचूप नवऱ्यासाठी नवं धोतर आणवते. भावानं बहिणीला दिलेला पैसा नवऱ्याच्या अंगावर जातो, आणि यात कुणालाच आपण काही थोर केलं असं वाटत नाही.

चित्रपटात अत्र्यांनी दुसरं वस्त्र आणलं. कृष्णाच्या कापलेल्या बोटासाठी द्रौपदी आपला भरजरी पीतांबर फाडते, त्या कथेचं गाणं. वसंत देसाईंची चाल, आशा भोसल्यांचा आवाज. ते इतकं गाजलं की चित्रपट न पाहिलेल्यांनाही पाठ आहे, आणि राखीपौर्णिमेला, भाऊबीजेला रेडिओनं ते लावलं नाही असं वर्ष गेलं नसेल. जमेला हे गाणं लिहिलं तर खर्चाला धोतर लिहावं लागतं. पीतांबर फाडण्यात एक भव्यपणा आहे. पडद्याला तो लागतो. दुकानातून आणलेल्या साध्या धोतराला गाणं लागत नाही, त्याला फक्त एक घर लागतं जिथं फाटलेलं कोण नेसतंय यावर कुणाचं तरी लक्ष आहे.

चेहरा. १९५३ पर्यंत श्यामच्या आईला चेहरा नव्हता. वाचणारा आपापल्या आईचा बसवत असे. मग वनमाला आल्या. ग्वाल्हेरच्या संस्थानी घराण्यातल्या, सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’ (१९४१) मधल्या देखण्या नायिका. कोकणातल्या खंगत गेलेल्या बाईच्या भूमिकेसाठी हे नाव कागदावर अगदीच विचित्र दिसतं. प्रत्यक्षात त्यांनी ती अशी केली की पुढच्या दोनतीन पिढ्यांना पुस्तक वाचतानाही त्याच दिसत राहिल्या. एवढं यश म्हणजे एक प्रकारची जप्तीच. पालगडची यशोदाबाई साने, जी १९१७ साली गेली, तिच्या चेहऱ्यावर आता दुसऱ्या कुणाचा हक्क लागला. २०२३ मध्ये गौरी देशपांडे यांनी (लेखिका नव्हेत) ही भूमिका केली तेव्हा त्यांना पुस्तकातल्या आईशी नव्हे, वनमालांशी झगडावं लागलं असणार.

श्यामचंही तेच झालं. माधव वझे पुढे आयुष्यभर नाटकात रमले, नाट्यसमीक्षा लिहीत राहिले, पण लोक त्यांना भेटले ते श्याम म्हणूनच.

श्रोते. यादीतली ही सर्वांत मोठी वस्तू, म्हणून जरा थांबतो.

पुस्तकातला श्याम लहान मुलगा नाही. तो मोठा झालेला, आश्रमात राहणारा, आई गमावून वर्षं लोटलेला माणूस आहे. संध्याकाळची प्रार्थना होते, आश्रमातली मुलं आणि गावातली माणसं जमतात, आणि तो रोज रात्री एक आठवण सांगतो. कधी त्याचा गळा दाटतो, कधी कुणी मध्येच काही विचारतं, कधी गोष्ट संपल्यावर कुणाला उठवत नाही. त्या श्रोत्यांना नावं आहेत, पण स्वभाव फारसे नाहीत. समीक्षकांनी यावर नाक मुरडलं तर ते चूक म्हणता येणार नाही. तरी त्यांच्यावाचून पुस्तक उभं राहत नाही. कारण ही आठवणींची वही नव्हेच, हा कबुलीजबाब आहे. पैसे चोरले, आईला उलट बोललो, तिचं ऐकलं नाही, वडाला तिच्यासाठी प्रदक्षिणा घालायला लाजलो, हे सगळं सांगणारा माणूस चार लोकांसमोर बसून स्वतःला उघडं करतो. लहान मुलाच्या तोंडी हीच चूक खोडी होते, मोठ्या माणसाच्या तोंडी ती सल होते.

पडदा लहान मूल दाखवतो आणि लहान मूल दिसलं की प्रेक्षक क्षमा करून मोकळा होतो. चित्रपटानं कितीही जीव ओतला तरी हे टळत नाही, आणि याचा दोष अत्र्यांना देता येत नाही. कॅमेऱ्यासमोर उभा असलेला मुलगा आज चुकतो आहे. पंचवीस वर्षांनी तो ती चूक आठवणार आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर असूच शकत नाही. डहाक्यांच्या चित्रपटात मोठे गुरुजी आहेत, ओम भूतकर यांनी ते काम केलं आहे, तुरुंगही आहे. सांगणारा परत आला, ही त्या चित्रपटाची मला मोठी जमेची बाजू वाटते. मात्र तुरुंगातले गुरुजी म्हणजे इतिहासातली थोर व्यक्ती. आश्रमातला श्याम तसा कुणीच नव्हता. त्याच्यापुढे बसलेल्यांना तो उद्या मोठा माणूस ठरणार आहे हे ठाऊक नव्हतं, आणि म्हणून ते ऐकत होते.

रात्री जेवणं झाल्यावर कुणीतरी सांगावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच पुढे, हे सलग बेचाळीस दिवस चालावं. ही वस्तू कुठल्या दुकानात मिळते?

खोती. श्यामचं घराणं खोताचं. ऐश्वर्य गेलेलं, पीळ उरलेला, कर्ज वाढत गेलेलं. पुस्तक त्या घराच्या आत बसून लिहिलेलं आहे, त्यामुळे सावकाराचा माणूस दारात येऊन अपमान करतो ते आपल्याला लागतं आणि आपण त्या आईच्या बाजूनं उभे राहतो. दाराबाहेरची कुळं मात्र आपल्याला क्वचित दिसतात. डॉ. आंबेडकरांनी खोती मोडण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात १९३७ साली मांडलं होतं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. म्हणजे पुस्तक आलं तेव्हा खोती होती, आणि चित्रपट आला तेव्हा ती नुकतीच कायद्यानं संपली होती. इतक्या ताज्या बदलाचा माग मला चित्रपटात घ्यावासा वाटतो. पण आईच्या दुःखासमोर बाकी सगळं धूसर होतं, पुस्तकातही आणि पडद्यावरही. आईचं दुःख खरं होतं. खोताच्या शेतात राबणाऱ्यांच्या आयांची पुस्तकं तेव्हा कुणी लिहिली नव्हती, हेही खरं.

दवंडी. घरावर जप्ती आल्याचं गावभर ढोल वाजवून सांगणं. आईला मरण येण्याआधी तो ढोल ऐकावा लागला, आणि पोरांनी शाळेत त्याचंही खेळणं केलं. आज बँक जप्तीची नोटीस वर्तमानपत्रात बारीक टाइपात देते, घराच्या दाराला कागद चिकटवते. ढोल गेला याचं वाईट वाटायचं कारण नाही. पडद्यावर मात्र तो ढोल पुस्तकापेक्षा जास्त घुमतो, हे मान्य केलं पाहिजे. शब्दात लिहिलेला आवाज वाचणाऱ्याच्या मर्जीवर असतो. थिएटरातला कानावर येऊन आदळतो.

मोळीनंतरची आंघोळ. ‘देवाला सारी प्रिय’. महार समाजातल्या एका म्हातारीची मोळी खाली पडते. ती तिला एकटीला उचलवत नाही, आणि विटाळाच्या भयानं दुसरं कुणी हात लावत नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. आणि पुढे सांगते, घरी येऊन आंघोळ कर.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण पहिल्या वाक्यावर थांबतात. शाळेतल्या भाषणात, कीर्तनात, गप्पांत मी ती अशीच ऐकली आहे. पडद्यालाही मोळीला लागलेला लहान हात पुरतो, तो दिसला की प्रसंग पूर्ण होतो. आंघोळ नकोशी असते, कारण ती आईला खाली आणते. पण गुरुजींनी ती लिहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या, कोकणातल्या ब्राह्मण घरातल्या बाईला जेवढं जमलं तेवढं तिनं केलं, आणि जे जमलं नाही तेही मुलानं झाकलं नाही. तोच मुलगा मे १९४७ मध्ये, पंढरपूरचं विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसला, आणि देऊळ उघडलं. आई मोळीपर्यंत आली होती, तो पंढरपूरपर्यंत गेला. आंघोळ पुसून टाकली की आई आधीपासूनच पंढरपुरात बसलेली दिसते आणि मुलानं केलेली चाल दिसतच नाही. या यादीत परत आणून ठेवावी अशी एकच वस्तू निवडायची झाली तर मी ही आंघोळ निवडीन.

लाल रंग. दापोलीजवळ लाडघरचं तामस्तीर्थ आहे, तिथलं समुद्राचं पाणी तांबूस दिसतं म्हणून हे नाव. पुस्तकात त्यावर एक रात्र खर्ची पडली आहे. अत्र्यांचा चित्रपट कृष्णधवल, कारण तेव्हा दुसरा परवडणारा मार्ग नव्हता. डहाक्यांचा कृष्णधवल, कारण त्यांनी तसं ठरवलं. सत्तर वर्षांत कॅमेऱ्याला सगळे रंग आले, आणि श्यामचं कोकण अजून राखाडीच. जुना काळ म्हणजे रंग नसलेला काळ, ही समजूत जुन्या चित्रपटांनीच आपल्याला लावली. पुस्तकात मात्र कोकण हिरवं आहे, माती तांबडी आहे, फुलांना रंग आहेत. ‘मुकी फुले’मध्ये उमलण्याआधीच कळ्या तोडणाऱ्या श्यामला आई समजावते, तेव्हा त्या कळ्या काही करड्या नव्हत्या.

मीठ. ‘अळणी भाजी’. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील निमूट जेवतात, काही बोलत नाहीत, भाजी चांगली झाल्यासारखं दाखवतात. आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. पुस्तकात हे वाचताना जिभेवर अळणी चव येते, हे मी पैजेवर सांगतो. पडद्यावर वडिलांचा चेहरा दिसेल, त्यातला संयम दिसेल, नटाचं कौतुक वाटेल. जीभ कोरडीच राहील. घरातली बाई सर्वांत शेवटी जेवायची म्हणून ही गोष्ट घडली. ती पद्धत जिथं गेली आहे तिथं ही गोष्ट आता घडू शकत नाही, आणि तिथं ती न घडलेलीच बरी.

रडणं. चारचौघांत, मोठ्यानं. गुरुजींना त्याची लाज नव्हती. त्यांच्या रडण्याची पुढे टिंगल झाली, अजून होते. १९५३ च्या अंधाऱ्या थिएटरात पुरुषांनाही ते चालून गेलं. एकपडदा थिएटरं एकेक करून पडली, आणि फोनवर एकट्यानं पाहताना माणूस रडत नाही, पुढे ढकलतो.

बोट. आई गेली तेव्हा श्याम जवळ नव्हता. शिकायला दूर होता. मनात काहीतरी दाटून आलं म्हणून तो निघाला, मुंबईहून बोटीनं हर्णै बंदरात उतरला, तिथून घरी पोचला, तेव्हा आई उरली नव्हती. ‘भस्ममय मूर्ती’ हे त्या रात्रीचं नाव. दुःख कुठलंही असो, पुस्तकाला तो प्रवास करावाच लागतो. वाचणाऱ्यालाही श्यामबरोबर धक्क्यावर ताटकळावं लागतं, बोट लागेपर्यंत, उतरेपर्यंत, चालेपर्यंत, आणि त्या सगळ्या वेळात आशा जिवंत असते. चित्रपटात एक दृश्य संपतं, दुसरं लागतं, आणि माणूस घरी. हे माध्यमाचं सामर्थ्य आहे असं सगळे सांगतात. मला इथं ते कमी पडलेलं दिसतं. उशीर होणं दाखवता येतं, उशीर घडवता येत नाही.

कोकण किनाऱ्यानं जाणाऱ्या त्या प्रवासी बोटी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. १९९८ पासून रेल्वे धावते, पण ती दापोलीला जात नाही. पालगड पाहायचं असेल तर खेडला उतरून पुढे एसटी धरावी.